हातातलं काम जरा खाली ठेवा

आमच्याकडे काळी-पिवळी जीपमध्ये माणूस बसला की बूड टेकायच्या आत त्याला दोन प्रश्न येतात. कुठले तुमी? आणि काय करता? पहिल्याचं उत्तर ऐकताना समोरचा मनातल्या मनात तुमच्या गावात आपलं कोण आहे याची चाचपणी करत असतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र तो खरंच ऐकतो. माझी मुलगी ठाण्याला एका ऑफिसात आहे, आसनगावहून रोज जाऊन-येऊन करते. तिला या प्रश्नाचा भयंकर राग. "त्यांना काय करायचंय पण?" म्हणते आणि कानात वायरी घालून बसते. मला मात्र हा प्रश्न आयुष्यभर आवडत आला. शेजारच्याने विचारला नाही तर मी अस्वस्थ व्हायचो. खाकरायचो, उगाच हवापाण्याचं बोलणं काढायचो, की बाबा, आता तरी विचार.

का आवडायचा ते पुढे येईलच. आधी काम सांगतो.

मी रिक्षातून पुकारा करायचो. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. मागच्या सीटखाली बॅटरी, मांडीवर आवाज वाढवायचं मशीन आणि हातात माईक. रिक्षा माझ्या जोडीदाराची, तो चालवायचा आणि मी बोलायचो. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आम्ही असे पालथे घातले की कुठल्या पाड्यावर कुठलं कुत्रं रिक्षामागे धावतं ते आम्हाला पाठ होतं. पोलिओचा डोस, ग्रामसभा, गुरांना लस, नळाला दोन दिवस पाणी नाही, बाजार मंगळवारऐवजी बुधवारी, चपलांचा सेल, कबड्डीचे सामने, म्हसा गावच्या जत्रेला जादा गाड्या, हरवलेला बैल. आणि मयत. कुणी गेलं की घरचे आधी मांडववाल्याकडे नाही, आमच्याकडे माणूस धाडायचे.

सुरुवात ठरलेली असायची. "हातातलं काम जरा खाली ठेवा आणि कान इकडं द्या." जोडीदार म्हणायचा, एवढं लांबण कशाला, सरळ सांगून मोकळा हो ना. पण त्याला काय माहीत? लावणीच्या दिवसांत सगळा गाव कमरेत वाकलेला असतो, चिखलात पाय आणि पाण्यात हात. झोडणीच्या दिवसांत भाताच्या पेंढ्या आपटण्याचा आवाज. घरात जातं नाहीतर मिक्सर. माणसाचे हात चालू असले की त्याचे कान बंद असतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. त्याचे हात थांबवायचे, मग सांगायचं. शेताच्या कडेने रिक्षा सावकाश चालली आहे, मी ते वाक्य म्हटलं आहे, आणि अख्ख्या खाचरातल्या बायका एकदम ताठ उभ्या राहून आमच्याकडे बघताहेत, असं चित्र मी किती वेळा पाहिलं असेल. त्या क्षणी मला जो माज चढायचा तो काही विचारू नका.

मयतीचं सांगायची रीत वेगळी. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये आम्ही गाणी लावायचो, ती मयतीला बंद. रिक्षा चालू ठेवायची नाही, इंजिन बंद करून उभं राहायचं. ज्याच्या घरी मयत झाली त्याच्या आळीत जायचंच नाही, त्यांना ते माहीत असतं, त्यांच्या दारात भोंगा कशाला? आणि नाव शेवटी. आधी गाव, मग कुठल्या आळीतलं घर, मग कुणाचा कोण, आणि सगळ्यात शेवटी नाव. हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा मी नाव आधी घेतलं आणि विहिरीवरच्या एका बाईची कळशी तिथंच पडली. तेव्हापासून नाव शेवटी. ऐकणाऱ्याला जरा खाली बसायला वेळ मिळतो.

तर असं हे काम. आता हे अनोळखी माणसाला एका शब्दात कसं सांगायचं? कल्याणला एका लग्नात कोट घातलेल्या गृहस्थांनी विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "बोलतो." ते म्हणाले, "अच्छा, सेल्समध्ये?" मी म्हटलं नाही, लोकांना बातम्या सांगतो. "म्हणजे मीडिया!" मी म्हटलं, हो, मीडियाच म्हणा. मग ते जेवण होईपर्यंत मला सोडेनात, देशाचं काय होणार ते विचारत राहिले. मीही ठोकून दिलं. येताना जोडीदार रस्ताभर हसत होता.

जीपमधली गंमत मात्र न्यारी. मी काम सांगितलं की आधी कुणाचा विश्वास बसायचा नाही. अंगानं मी काडी. आवाज ऐकून लोकांनी मनात भला मिशीवाला गडी उभा केलेला असायचा. "तुमी? छ्या!" मग कुणीतरी म्हणणार, करून दाखवा. मी आढेवेढे घ्यायचो, पण खोटे. मग छाती भरून म्हणायचो, "हातातलं काम जरा खाली ठेवा," आणि जीपमधले सगळे माझ्याकडं वळायचे. मग एकच गलका. "म्हंजे ते तुमी व्हय!" कुणी सांगायचं, तुमच्यामुळं आमचा बैल गावला. कुणी सांगायचं, आमच्या पोरीला डोस पाजला तो तुमी बोंबललात म्हणून. चेहरा परका आणि आवाज घरचा. अशी ओळख कुठल्या साहेबाला मिळते सांगा.

आता का आवडायचा ते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावात दवंडी द्यायचे. धंदा म्हणून नाही. आमच्या समाजाच्या वाट्याला गावकीची जी कामं लावून दिलेली होती त्यातलं ते एक. पाटलाचा निरोप आला की निघायचं, डफ वाजवायचा, ओट्याच्या खाली अंतर राखून उभं राहायचं आणि ओरडायचं. मेलेलं ढोर ओढायला जायचं तसंच हेही. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि बदल्यात दारोदार जाऊन भाकरी गोळा करायची. मग आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. आबांनी त्या वर्षी डफाचं कातडं सुरीनं कापून काढलं आणि गावाला सांगून टाकलं, ही शेवटची दवंडी, यापुढं आम्ही येणार नाही. हे सांगायला मात्र डफ नव्हता, नुसताच आवाज. डफाचं लाकडी कडं घरात राहिलं. त्याच्यावर आमच्या पाण्याचं मडकं बसायचं. लहानपणी मी पाणी प्यायला वाकलो की ते कडं माझ्या नाकासमोर यायचं, आणि ते काय आहे हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

वडील आटगावच्या बाजूला रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळाखालची खडी सारखी करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. नोकरीचा त्यांना अभिमान फार. मी बारावीनंतर इकडेतिकडे धक्के खाल्ले, एका मांडववाल्याकडे स्पीकर लावायला लागलो, आणि एके दिवशी जुनं मशीन, माईक आणि दोन भोंगे घेऊन घरी आलो. वडिलांनी विचारलं हे कशाला. मी सांगितलं. त्यांनी मडक्याकडं बघितलं. मला तेव्हा कळलं नाही मडक्याकडं का बघताहेत.

"आबानं टाकलं ते तू उचलतो?"

मी म्हटलं, "आबांना धाडत होते. मला बोलावतील. वाटलं तर जाईन, नाय वाटलं तर नाय जाणार."

"लोकांना फरक कलनार हाय?" एवढं बोलून ते बाहेर गेले. पुढं कित्येक महिने त्यांनी माझ्या कामाबद्दल अक्षर काढलं नाही. भोंगे घरात आणले की ते अंगणात जायचे.

त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. मुरबाडच्या बाजूला एका गावात कार्यक्रमाचा पुकारा झाल्यावर तिथले एक म्हातारे बुवा मला प्रेमानं म्हणाले, "तुमच्याकडं हे पयल्यापासनंच हाय ना? मंग गावाचं काम गावासाठी करायचं, हिशोब कसला मांगता?" माझं डोकंच फिरलं. माईक चालू होता ते मी विसरलो. म्हटलं, "पहिल्यापासून होतं म्हणून तर सोडलं, काका. हे नवीन आहे. हे माझं आहे." ते अख्ख्या गावानं ऐकलं. जोडीदारानं गुपचूप रिक्षा चालू केली आणि सरळ पुढच्या गावाला नेली.

मग माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, किन्हवलीच्या पलीकडं. चहा-पोहे झाले. मुलीच्या बापानं विचारलं, "मुलगा काय करतो?" माझे वडील छपराकडं बघत बसले. त्यांच्या तोंडून दवंडी हा शब्द निघेना, धंदा म्हणवेना, आणि खोटं तर त्यांना कधीच जमलं नाही. शेवटी म्हणाले, "बोलतो."

"बोलतो ते आलं ध्यानात," मुलीचा बाप म्हणाला. "पन करतो काय?"

मी तोंड उघडलं आणि सगळं सांगायला लागलो, तर दाराआडून खुदकन हसण्याचा आवाज आला. आत मुलगी आईला सांगत होती, "गो आये, हा तर पोलिओचा आवाज!" लग्न ठरलं. बायको अजून सांगते, तुमचं तोंड बघून हो म्हटलं नाही, ते आधीच ऐकलेलं होतं म्हणून म्हटलं.

लग्नानंतरची गोष्ट. वडील आणि मी शहापूरहून जीपनं घरी चाललो होतो. समोर एक गृहस्थ, शाळामास्तर असावेत. त्यांनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. मी वडिलांसमोर जरा आवरतं घेत उत्तर दिलं. मास्तरांनी आणखी विचारलं, माईक कुठला, आवाज बसत नाही का, गरम पाणी पिता का. नीट, एका कामाच्या माणसानं दुसऱ्या कामाच्या माणसाला विचारावं तसं. वडील खिडकीबाहेर बघत होते. आटगावला उतरलो, फाटक ओलांडलं, घराच्या वाटेला लागलो, तेव्हा ते एकदम म्हणाले,

"आबाला ह्ये कुनी इचारलं नव्हतं."

"काय?"

"काय करता म्हनून. आबाला कुनी कदी नाय इचारलं. नुसतं बघून लोकांना म्हाइत आसायचं."

ते पुढं चालत राहिले. मला रस्त्यात थांबावंसं वाटलं, पण मीही चालत राहिलो. हा प्रश्न मला का आवडतो ते मला तेव्हा कळलं. ज्याला तो विचारला जातो त्याला काहीही उत्तर देता येतं. आबांना उत्तर द्यायची संधीच कुणी दिली नाही, ते गावाच्या जिभेवर आधीच तयार होतं. जीपमधला कुणी अनोळखी माणूस माझ्याकडं वळून "काय करता?" म्हणतो, तेव्हा त्याला खरंच माहीत नसतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तर तिनं कानातल्या वायरी काढल्या. प्रश्नाचा राग मात्र तिला अजून येतोच, आणि तेही मला बरं वाटतं. तिला तो प्रश्न फुकट मिळाला आहे.

वडील पुढं बदलले. शेवटच्या वर्षांत तर ते कुणाच्याही शेजारी बसले की स्वतःहून सुरू व्हायचे. "आमचा मुलगा बोलतो. आइकला आसल तुमी." ते गेले तेव्हा त्यांचा पुकारा मीच केला. गाव, आळी, कुणाचा कोण. नावापाशी आल्यावर आवाज फुटेना. जोडीदारानं माझ्या हातातून माईक घेतला आणि नाव त्यानं सांगितलं. आयुष्यात त्यानं तेवढा एकच शब्द माईकवर म्हटला.

मग दिवस बदलले. आता पेन ड्राइव्ह आलाय. शहरात कुठंतरी एक मुलगी गोड आवाजात एकदा बोलते आणि तेच मुरबाडला, तेच कसाऱ्याला, दिवसभर फिरतं. ड्रायव्हर एकटाच असतो, मागची सीट रिकामी. मयत तर मोबाइलवरच कळते, फोटो आणि खाली हात जोडलेले. मी तक्रार करत नाही. काम कमी झालं तरी थोडंफार मिळत होतं, जुनी गावं माझाच आवाज मागायची. जोडीदारानं शाळेची पोरं न्यायला सुरुवात केली, तरी मयतीला बोलावलं तर तो यायचा. पण माझा आवाज चिरकायला लागला. मी मध खाल्ला, ज्येष्ठमध चघळला, कुणी सांगितलं ते सगळं केलं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही.

गाठ काढली. जीव वाचला. आवाजाचं काय झालं ते आता लपवण्यात अर्थ नाही. सुक्या पेंढ्यात पाय घातल्यावर येतो तसा आवाज येतो, आणि तोही शेजारी बसलेल्यालाच ऐकू जातो.

तेव्हापासून मी जीपमध्ये कडेची जागा धरायला लागलो. बाहेर बघत बसायचं. कुणी विचारलंच तर बायको पटकन म्हणायची, "आराम करतात." ती माझ्यावर माया करूनच म्हणायची, पण ते दोन शब्द मला झोंबायचे. एकटा असलो की मी म्हणायचो, "काही नाही." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घरी येऊन जेवलो नाही. ज्या प्रश्नाची आयुष्यभर वाट बघितली, त्याला आता हे उत्तर. मरायची भीती ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती. ही दुसरीच भीती होती. उरलेले दिवस काही नाही, काही नाही म्हणत काढायचे, आणि वर आबांसारखं पुन्हा अशा जागी जाऊन बसायचं जिथं कुणी विचारतच नाही. मला ते सहन होईना, आणि काय करावं तेही सुचेना.

गेल्या हिवाळ्यात मी मुरबाडला बहिणीकडं गेलो होतो. परत येताना किन्हवलीमार्गे शहापूरला जाणारी जीप धरली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली, मांडीवर वालाच्या शेंगांचं फडकं. बसल्या बसल्या तिनं शेंगा सोलायला घेतल्या. दाणे फडक्यात, सालं खिडकीबाहेर. समोर गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कारखान्यातला एक तरुण पेंगत होता. सरळगाव मागं पडलं तसा प्रश्न आला.

"कुठचे तुमी, भाऊ?"

"आटगावकडचा."

तिला माझं ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"घसा बसलाय जनू. काय करता?"

"काही नाही."

"काय नाय म्हंजे?" तिचे हात चालूच होते. "मानूस काय तरी करतोच ना."

मी बाहेर बघायला लागलो. तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला. पुढं एक जाहिरातीची रिक्षा रस्ता अडवून रमतगमत चालली होती. भोंग्यातून ती मुलगी सांगत होती, सुवर्णसंधी, आजच भेट द्या, सुवर्णसंधी. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला.

"काय सांगते ती, काय कलत नाय," म्हातारी म्हणाली. "पयला एक होता, त्याचा कलायचा."

माझी मान आपोआप वळली.

"कोन, आजी?" समोरचा तरुण जागा झाला होता.

"होता एक भोंगेवाला. हातातला काम खाली ठेवा म्हनायचा. मी लावनीला होती, खाचरात. आला तो, गाडी बंद केली. हातातला काम खाली ठेवा बोल्ला, मी रोपांची जुडी खाली ठेवली. मंग गाव सांगितला. माजा म्हायेर. मी बांधावर बसली. मंग कुठच्या आलीतला घर ते सांगितला. आमचीच आली. तवा मला कलला, आपल्याच घरचा हाय. मंग कुनाचा कोन ते सांगितला. आनी नाव शेवटाला घेतला, माज्या भावाचा. तवर मी बसली व्हती ना. उभी आसती तर त्या चिखलातच पडली आसती." तिनं एक शेंग सोलली. "लय सबुरीनं सांगायचा. आता गेला तो."

"गेला म्हणजे?" तरुणानं विचारलं.

"मेला."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? भोंगा येत नाय त्याचा. मंग गेलाच आसल."

"असं कसं, आजी? गेला असता तर कळलं असतं ना."

म्हातारीनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "कसा कलनार? सांगनारा तोच होता."

जीपमधले दोघंतिघं हसले. मलाही हसू आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ रडू आलं.  किती साधी गोष्ट. मी मेलो हे तिनं किती सहज मान्य केलं होतं, आणि दुःखही केलं होतं, माझ्या शेजारी बसून, वाल सोलता सोलता. बरं, तिचं काही चुकलंही नव्हतं. गेलं वर्षभर मी लोकांना हेच तर सांगत होतो. काही नाही.

मी घसा साफ केला. काही उपयोग होत नाही, पण सवय.

"हातातलं काम जरा खाली ठेवा," मी म्हटलं, "आणि कान इकडं द्या."

बाकी कुणालाही ते ऐकू गेलं नसेल. रिक्षाचा भोंगा, आमचा हॉर्न. पण म्हातारीचे हात थांबले. हातातली अर्धी सोललेली शेंग तिनं फडक्यावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

मी रीतीप्रमाणे सांगायला लागलो. आधी गाव सांगितलं. मग आमची आळी सांगितली, जिचं नुसतं नाव घेतलं की आम्ही कोण हे आमच्याकडं कुणालाही कळतं. मग कुणाचा कोण. जीपमध्ये आणि जीपबाहेर मी इतकी वर्षं इतक्या लोकांना माझं काम सांगितलं, पण हे असं कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "दवंडी देणाऱ्याचा नातू, खडीवाल्या गँगमनचा मुलगा, हा जिवंत असून सध्या शहापूरच्या गाडीत तुमच्या शेजारी बसलेला आहे."

 आवाज कमी म्हणून म्हातारी माझ्याकडं वाकली होती, तिचा कान माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आबा ओट्याखाली उभे राहायचे ते मला आठवलं. ती तशीच वाकलेली राहिली, वाट बघत. मला आधी कळेना, आता कशाची वाट बघते आहे.

"नाव?" ती म्हणाली. "नाव ऱ्हायला."

मी नाव सांगितलं. एवढ्या वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं, आवाजाला नाव लागत नाही.

तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला, बहुधा मनातल्या मिशीवाल्या गड्याशी ताडून बघत. "बरा झाला," ती म्हणाली, आणि शेंग पुन्हा हातात घेतली. पुढची रिक्षा बाजूला झाली, आमची जीप सुटली. समोरचा तरुण काय झालं ते न कळून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

किन्हवली जवळ आली तसं तिनं फडकं गुंडाळलं, आणि उतरायच्या आधी परत माझ्याकडं वळली.

"मंग आता काय करता?"

"बोलतो," मी म्हटलं. ते ऐकायला तिला पुन्हा माझ्याकडं वाकावं लागलं.